दोनदा दळलेला बर्फ

बत्तीस वर्षं मी बर्फ ओढतोय हर्णैच्या कारखान्यात.
आकड्यानं लादी पाडायची, पत्र्याच्या उतारावर सोडायची,
ती आपली आपण जाते क्रशरच्या तोंडात.
खाली टेम्पो, टेम्पोत क्रेट, क्रेटात सुरमई.
बर्फाबद्दल मला कुणी काही सांगावं
असं फारसं उरलं नव्हतं.

मग रेशम आली गुलमर्गहून,
तिथल्या हॉटेलात पाच महिने पोळ्या लाटून.
नाक सोललेलं, तोंड रापून काळं,
डोळ्यांभोवती तेवढा गॉगलचा गोरा पट्टा.
चहा प्यायच्या आधीच म्हणाली,
बाबा, तुमचा बर्फ हा बर्फच नाही.

मग काय, मीठ?

तिथला पडताना आवाज करत नाही, म्हणाली,
मुठीत दाबला तर गोळा होत नाही,
फुंकला तर उडतो.
मी म्हटलं, तांदळाचं पीठ.
त्याहून हलका.
मग साळीचा कोंडा.
कोंड्याहून हलका, पण पाय जातो मांडीपर्यंत.

मांडीपर्यंत पाय जातो असा
मला खाडीचा चिखल तेवढा ठाऊक,
आणि तो उडत नाही.
मी गप्प बसून बशी पुसली.

लिफ्टवरच्या शब्बीरनं शिकवलं, म्हणाली, सुट्टीच्या दिवशी.
दोन्ही पाय एकाच फळीला बांधायचे.
बांधून? मग पळायचं कसं?
पळायचं नसतंच. कलायचं.
होडीसारखं?
हां. होडीसारखं.
हे मात्र मला कळलं.

रविवारी आंजर्ल्याचा पूल ओलांडून
केळशीच्या वाळूच्या टेकाडावर गेलो दोघं.
तिच्या मांडीवर फुटक्या डिंगीची फळी,
तिला सायकलच्या ट्यूबचे पट्टे,
खालून अख्खी मेणबत्ती घासलेली.
आईला सांगू नका, म्हणाली.
आईनंच तर मेणबत्ती काढून दिलेली,
पण ते मी बोललो नाही.

ती उतरली
तेव्हा वाळू फडफडली ओल्या शिडासारखी.
खाली केतकीच्या अलीकडे
तिनं कंबर नुसती वळवली
आणि फळी थांबली, ओळखीच्या कुत्र्यासारखी.
पाच महिने ही पोळ्याच लाटत होती का?

मग म्हणाली, आता तुम्ही.
आधी पडायला शिकवतात तिथे.
हात मागे टाकायचा नाही, मनगट जातं.
समोर पडलात तर गुडघ्यांवर, मागे पडलात तर ढुंगणावर.
दोन्ही केलं. वर एकदा कानावर पडलो,
ते तिच्या यादीत नव्हतं.

चौथ्यांदा गेलो. वीस हात असेन.
कुणी ओढत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं,
आणि मला एकदम पत्र्याचा तो उतार आठवला,
रोज दोनशे लाद्या, हात सोडला की संपलं,
पुढं मी कधी बघितलंच नाही.
खाली क्रशर नव्हता.
खाली रेशम होती, हात फैलावून, ओरडत,
कला, बाबा, कला!

त्या रात्री पाळीवर तिला घेऊन गेलो.
एक लादी दळली.
दळलेला चुरा फावड्यानं उचलून पुन्हा घातला तोंडात,
मालक दापोलीला होते म्हणून.
अमोनियाच्या वासात ती ओंजळ धरून उभी.
दोनदा दळलेला बर्फ तिच्या हातात पडला, पांढरा, बारीक,
आणि मिनिटभरात त्याचा खडा झाला.
तिनं फुंकून पाहिलं तरी.
जवळ आलात, म्हणाली.

फॉर्म भरलाय तिनं पुढच्या सीझनचा.
मोबाइल माझ्याच चार्जरला लावलेला होता,
मी वाचला.

पहाटे लिलावात मजीद व्यापारी क्रेट आपटत आला,
बर्फात वाळू कुठनं आली रे, पावसे?
मी मान तिरकी करून कानात बोट फिरवलं.
अजून निघत होती.